परसातली झुकिनी: विदर्भात पेरणी केव्हा, आणि कोवळी फळं पिवळी पडून का गळतात?

देवळीकर
राम राम मंडळी. वर्धा जिल्हा, घरामागे १० बाय १२ फुटांची मोकळी जागा, काळी भारी माती, बोअरचं पाणी. हिरव्या झुकिनीचं एक पाकीट आणि चपट्या पांढऱ्या पट्टीपॅनचं एक पाकीट आणून ठेवलं आहे. पाकिटावर पेरणी फेब्रुवारी-मार्च अशी छापली आहे. पण आमच्या गावात मार्चमध्ये लावलेल्या झाडांना फुलंच फुलं येतात, फळ बोटाएवढं झालं की टोकाकडून पिवळं पडतं आणि गळतं. आता डिसेंबर संपत आला. लावायचं तर कसं, किती झाडं, आणि ही गळ कशामुळे? कारणासकट सांगा. नुसतं 'हे मारा, ते मारा' नको.

काळीमाती
पाकिटावरची तारीख आपल्यासाठी नसतेच. फेब्रुवारी-मार्चची पेरणी उत्तरेच्या थंड भागाला चालते. आपल्याकडे मार्च अखेर पारा चाळिशीला टेकतो. पेरणीपासून पहिल्या तोड्याला ४५ ते ५५ दिवस लागतात, म्हणजे मार्चात पेरलेलं झाड ऐन एप्रिल-मेच्या भट्टीत फुलावर येतं. दिवस मोठा, रात्रही गरम, अशा हवेत हे झाड नर फुलंच जास्त काढतं. जी चार मादी फुलं येतात त्यांच्यासाठीचा पराग उन्हाने निकामी होतो. गावात दिसतं ते हेच.

विदर्भात दोन वेळा धरा. पहिली, परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबर अखेरपर्यंत. दुसरी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून २० जानेवारीपर्यंत. दुसऱ्या वेळेला बी सरळ जमिनीत टाकू नका. माती १५ अंशांच्या खाली असली तर बी उगवण्याआधीच कुजतं. सहा तास कोमट पाण्यात भिजवा, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून स्वयंपाकघरात उबेला ठेवा. मोड दिसला की पिशवीत लावा, पाऊण ते एक इंच खोल, टोकदार बाजू खाली. पिशवी ४ बाय ६ इंचांची, भोकं पाडलेली. भरताना अर्धी माती, अर्धं चाळलेलं शेणखत.

खरी पानं दोन झाली की, म्हणजे १२ ते १५ दिवसांत, पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट लावून टाका. तीन आठवडे पिशवीत राहिलेलं रोप जमिनीत गेल्यावर रुसतं, कारण याच्या मुळांना तुटणं सोसत नाही.

झाडं किती? चार-पाच माणसांच्या घराला चार झाडं पुरतात. तरी सहा लावा. एकट्या-दुकट्या झाडावर नर आणि मादी फूल एकाच सकाळी उमलेलच असं नसतं, सहा असली की जोडी जमते. दोन झाडांत अडीच ते तीन फूट, दोन ओळींत चार फूट. रोप लहान असताना जागा वाया गेल्यासारखी वाटते, महिन्याभरात पानाला पान भिडतं.

आणि भारी मातीत सपाट आळं करू नका. ८ ते १० इंच उंचीचा गादीवाफा करा. काळी माती पाणी धरून ठेवते, खोडाचा बुंधा ओला राहिला की तिथूनच कुजायला लागतो. प्रत्येक झाडाच्या जागी फूटभर खड्डा काढून ३ ते ४ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळा. उकिरड्यावरचं गरम कच्चं खत टाकलं तर मुळं भाजतात, हुमणीही येते. युरिया लावणीनंतर २० दिवसांनी आणि फुलं लागली की, दर वेळी झाडाला १० ग्रॅम, बुंध्यापासून वीतभर लांब. जास्त दिला की पानं सुपाएवढी होतात आणि फळं नाहीत.

वऱ्हाडीभाऊ
काळीमाती भौ बरोबर सांगून राह्यले. त्यात एक जोडतो. वाफ्यावर कुटार (मळणीचा भुसा) पसरवा, सोयाबीनचं नाही तं तुरीचं, तीन बोटं जाड. फळ मातीले टेकत नाही, अन् काळ्या मातीले भेगा पडून मुळं तुटत नाहीत. पण बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा. वाळवीचा त्रास असन तिथं कुटार कोरडं राहू देऊ नका, निंबोळी पेंड भुरभुरवा.

पाणी थंडीत दोन-तीन दिवसाआड झाडाले ४-५ लिटर. फेब्रुवारीच्या मधापासून रोज सकाळी. दुपारी पानं लोंबली म्हणून धावत पाणी टाकू नका, पानं मोठी हायेत, दुपारी मान टाकतातच. संध्याकाळी उभी झाली तं झाड ठीक. सकाळीही लोंबलेलंच दिसलं तं मंग बुंधा उकरून पाहा, काळा-मऊ लागला तं ते झाड गेलं, उपटून टाका.

फुलोरी
गळीबद्दल लिहिते, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात आणि चुकीचा उपाय करतात.

एक: फळ दोन-तीन इंचांचं असताना टोकाकडून पिवळं पडतं, आकसतं, देठापाशी गळतं. हा रोग नाही. फलधारणाच झालेली नाही. अर्धवट झाली असेल तर फळ एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक असं वाकडं वाढतं.

दोन: फळ चांगलं वाढत असताना फुलाकडचं टोक तपकिरी, चामड्यासारखं, आत दबलेलं होतं. हे कॅल्शियम टोकापर्यंत न पोचल्याचं लक्षण. आपल्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर आहे, म्हणून वरून चुना टाकून काही होत नाही. आठ दिवस कोरडं आणि मग एकदम धो-धो पाणी, असं झालं की कॅल्शियम असूनही झाडाला उचलता येत नाही. उपाय नियमित पाणी, आणि युरियाला आवर.

तीन: वाळलेलं फूल फळाच्या टोकाला चिकटून राहतं, त्यावर काळ्या टाचणीसारखी बुरशी उगवते, टोक पाणचट होतं. ढगाळ हवेत किंवा वरून पाणी मारल्यावर येते. फळ धरल्यावर चौथ्या दिवशी वाळकं फूल हाताने काढून टाका आणि पाणी बुंध्याशीच द्या.

आता पहिल्या प्रकारावरचा उपाय. फूल एकच सकाळ उमलतं. जानेवारीच्या थंडीत साडेसातच्या आसपास उघडतं, फेब्रुवारी अखेर सहालाच, आणि ऊन चढलं की मिटून जातं. थंड सकाळी मधमाश्या उशिरा निघतात, शेजारच्या वावरात फवारणी असेल तर निघतच नाहीत. म्हणून हाताने करा. नर फुलाचा देठ बारीक आणि लांब, खाली काही नसतं. मादी फुलाखाली इवलंसं फळ असतं. नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोलून काढा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आतल्या फुगीर भागांवर सगळीकडून हलकेच फिरवा. पिवळी पूड चिकटलेली दिसली पाहिजे. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. वेळ नऊच्या आत. उद्या मादी फूल उमलणार (पाकळ्यांचं टोक आदल्या संध्याकाळी पिवळं-नारिंगी होतं) आणि नर नाही असं दिसलं, तर शेजाऱ्यांकडचं उमलायला आलेलं नर फूल लांब देठासकट आणून रात्रभर पेल्यात पाण्यात ठेवा.

थंडीत लावलेल्या झाडाला कधीकधी आधी मादी फुलंच येतात, नर आठवडाभर मागून. तेवढी सुरुवातीची फळं गळणारच. झाडाला दोष देऊ नका. आणि दुधी, दोडकं, काकडी यांचा पराग याला चालत नाही, कुळ एकच असलं तरी त्या वेगळ्या प्रजाती आहेत.

देवळीकर
छान उलगडा झाला. आणखी एक. शेजारी ऑक्टोबरची झाडं आहेत. पानांवर पांढरट-चंदेरी डाग आहेत. कृषी केंद्रवाल्याने भुरी सांगून बुरशीनाशक दिलं. फरक नाही.

पानवाचक
आधी बोट फिरवा. पांढरं पिठासारखं बोटाला लागलं तर भुरी. लागलं नाही, आणि डाग शिरांच्या फाट्यांवर, सगळ्या पानांवर सारख्या नक्षीत असतील, तर तो झुकिनीच्या कित्येक वाणांचा मूळ रंगच आहे. औषधाने जाणार कसा?

तिसरी शक्यता पांढरी माशी. तिची पिल्लं पानामागून रस शोषतात, तेव्हा नवी पानं आधी शिरांच्या कडेने आणि मग सगळीच चांदीचा वर्ख लावल्यासारखी होतात, फळही फिकं येतं. पान उलटून पाहा.

पांढरी माशी आपल्याकडे हलक्यात घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी (कपाशी) वाळते, उपटली जाते, आणि तिच्यावरची माशी जवळ जे हिरवं मऊ दिसेल त्यावर येते. फरदड (हंगाम संपल्यावरही न उपटलेली पऱ्हाटी) ठेवलेलं वावर शेजारी असेल तर मार्चपर्यंत सुटका नाही. चंदेरी पानापेक्षा मोठं नुकसान ती पसरवते त्या विषाणूचं: शेंड्याची पानं बारीक, वरच्या बाजूला वळलेली, पिवळी-हिरवी, झाड खुजं. मावाही दुसऱ्या जातीचा मोझॅक आणतो, त्यात पानं फोडाळ आणि फळं गाठाळ होतात. विषाणूवर औषध नाही. तसं झाड दिसलं त्याच दिवशी उपटून पिशवीत भरा. लावणीपासून पहिलं फूल येईपर्यंत बांबूच्या कामट्यांवर पातळ कीडरोधक जाळी टाकली तर बरंच वाचतं. फुलं आली की जाळी काढा, नाहीतर मधमाशी आत कशी येणार? पिवळे चिकट सापळे परसात दोन, झाडाच्या शेंड्याच्या उंचीला.

फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी कपड्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा. फवारणी संध्याकाळी, फुलं मिटल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने. दर आठवड्याला एकदा.

खरी भुरी निघाली तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. पारा ३२-३३ च्या वर असेल त्या दिवशी मारू नका, वेलवर्गाची पानं गंधकाने करपतात. निंबोळी अर्क आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

काळीमाती
गंधकाऐवजी एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, उन्हात. डाग नुकते दिसत असताना परसबागेला तेवढं पुरतं. आणि बुंध्याजवळची जुनी पानं कापून टाका, हवा खेळते.

पानवाचक
दूध चालतं, पण पान अर्धं पांढरं झाल्यावर नाही. जुनी पानं कापण्याबद्दल मात्र थोडं सबुरीने. एका वेळी दोन-तीन, तीही फळाच्या खालचीच. उघडं पडलेलं फळ फेब्रुवारीच्या उन्हाने भाजतं, त्यावर पांढरा चट्टा पडतो. देठ पोकळ असतो, तो पावसात किंवा पाणी देताना कापू नका.

बांधीवाला
गोंदियाकडून. आमच्याकडे धानाच्या बांधीची माती, वाळली की दगड. उंच वाफा इथेही हवाच, त्यात धानाचा कोंडा नाही तर जुनं तणस मिसळलं की भुसभुशीत राहते.

लाल भुंग्याचं कोणी लिहिलं नाही. नारिंगी-लाल, अर्ध्या नखाएवढा. बी उगवून पहिली दोन जाड पानं आली की एका सकाळीत चाळणी करतो. झाड मोठं झालं की त्याचं फार चालत नाही, म्हणून पहिले तीन आठवडे सांभाळायचे. पहाटे थंडीने तो सुस्त असतो, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दवाने ओल्या पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरवा. उन्हात वेचायला गेलात तर उडून जातो. अळ्या मातीत मुळं खातात, म्हणून पीक संपलं की वाफा खणून उन्हात तापू द्या.

व्हिडिओप्रेमी
परदेशी व्हिडिओत खोड उभं चिरून आतली अळी काढतात आणि खोडाला ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळतात. आपणही करायचं का?

फुलोरी
नको. ती खोड पोखरणारी अळी उत्तर अमेरिकेतली आहे, आपल्याकडे नाही. त्यांच्या व्हिडिओतला करडा ढेकूणही तिकडचाच. इथे खोड चिरलं तर जखमेतून कूज जाईल एवढंच.

आपला खरा शत्रू फळमाशी. कोवळ्या फळाला टोचून अंडी घालते, टोचल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, फळ वाकडं होतं, कापलं तर आत पांढऱ्या अळ्या. फेब्रुवारीत हवा तापली की वाढते. कामगंध सापळा लावा, पण दुकानात नीट मागा: वेलवर्गीय भाज्यांना क्यू ल्युर (नर माशीला ओढणारी गंधाची वडी) लागतो. आंबा-पेरूचा मिथाइल युजेनॉलचा ल्युर दिला तर त्यात ही माशी यायची नाही. पाण्याची बाटली, वरच्या भागात समोरासमोर दोन भोकं, आत तारेला ल्युर, झाडाजवळ तीन-चार फुटांवर. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून सापळा भरला तरी किडकी फळं उचलावीच लागतात. ती उकिरड्यावर टाकू नका. अळी मातीत शिरून कोष करते आणि पुन्हा माशी होऊन येते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. फळ धरलं की दुसऱ्या दिवशी कागदी पिशवी चढवली तर औषधच लागत नाही. चार-पाच झाडांना जमण्यासारखं काम आहे.

खारपाण
अकोला-दर्यापूरकडच्या लोकांसाठी. पूर्णा खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्यावर काय टिकतं, हा नेहमीचा प्रश्न. झुकिनी त्यातल्या त्यात सोशिक. मातीची क्षारता ४.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत उत्पादन फारसं घटत नाही. पट्टीपॅन ३.२ ला, आणि शेंगांचा घेवडा १ ला मागे हटतो. म्हणून खाऱ्या बोअरवर पट्टीपॅनऐवजी लांब झुकिनी लावा.

पण क्षार सोसणं वेगळं आणि सोडियमने चोपण झालेली माती वेगळी. पाणी वर साचून राहतं, वाळल्यावर पापुद्रा धरतो, तिथे मुळांना हवा मिळत नाही. माती तपासून, चोपण निघाली तर जिप्सम मिसळा. साधारण चौरस मीटरला पाव ते अर्धा किलो, लावणीच्या महिनाभर आधी, वर भरपूर पाणी देऊन निचरा करून. पावसाळ्यात छपराचं पाणी टाकीत धरलं असेल तर ते रोपवाटिकेसाठी राखा. खाऱ्या पाण्याचा त्रास उगवणाऱ्या बीला सगळ्यात जास्त होतो.

वऱ्हाडीभाऊ
अजून एक, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. झाडाची नवी पानं एकदम अरुंद, दोरीवाणी, शिरा एका जागी गोळा झाल्या, खोड पिळलं तं विषाणू समजून उपटाच्या आधी घरातला पंप पाहा. गव्हात नाही तं धुऱ्यावर २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसत्या पाण्याने खंगाळून परसात वापरला, का झालं. हवेनेही वावरातून येते. पऱ्हाटीचं जे होते तेच याचं होते. थोडं लागलं असन तं झाड पंधरा-वीस दिवसांत सावरते, जास्त लागलं तं जाते. परसासाठी दोन लिटरचा हातपंप वेगळाच ठेवा.

मेळघाटी
चिखलदऱ्याकडे उंची अकराशे मीटरच्या आसपास, उन्हाळा सौम्य. तिथे फेब्रुवारीची पेरणी चालते, डिसेंबर-जानेवारी मात्र टाळा, पहाटेचं दव गोठतं अशा रात्री असतात. खाली परतवाड्याला हे वेळापत्रक लावू नका.

देवळीकर
बी घरचं धरता येईल का? आणि फळ केव्हा तोडायचं?

काळीमाती
तोडणी फूल उमलल्यापासून ४ ते ६ दिवसांत. लांब झुकिनी ६ ते ८ इंच, पट्टीपॅन तळहाताच्या निम्म्याएवढं. साल नखाने सहज टोचली पाहिजे. धारदार सुरीने इंचभर देठ ठेवून कापा, पिळून तोडलं की खोड फाटतं. हंगामात दिवसाआड पाहाच. पानाखाली एखादं फळ राहून जून झालं की झाड बी भरायला लागतं आणि नवी मादी फुलं कमी करतं. नर फुलं जास्त आली तर बेसनात घोळून भजी करा, कोहळ्याच्या फुलांसारखीच लागतात. परागासाठी चार मागे ठेवा, एवढंच. भाजी करताना मीठ शेवटी घाला, आधी घातलं की पाणी सुटून गिचका होतो.

बियाचं म्हणाल तर पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर धरू नका, पुढची झाडं कशीही निघतात. सुधारित वाण, म्हणजे ऑस्ट्रेलियन ग्रीन वगैरे असेल तर धरता येतं. पण तुम्ही झुकिनी आणि पट्टीपॅन दोन्ही लावणार, आणि ती एकाच जातीची असल्याने आपसात संकर होतो. या वर्षीच्या फळात फरक दिसत नाही, बीमध्ये होतो. म्हणून बीसाठीचं मादी फूल आणि नर फूल दोन्ही आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधा, सकाळी सोडून पराग लावा, परत बांधा. ते फळ झाडावर साल टणक होईपर्यंत, दीड महिना तरी ठेवा.

पानवाचक
यात एक धोका लिहून ठेवतो. शोभेच्या छोट्या भोपळ्यांशी संकर झालेलं बी लावलं तर फळ कडू विष निघू शकतं. कडूपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते शिजवून जात नाही, उलट्या-जुलाब होतात. घरच्या बीच्या झाडाचं पहिलं फळ कच्चं कापून जिभेला लावा. कडू लागलं तर थुंका, आणि त्या झाडाचं एकही फळ खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

देवळीकर
पिशव्या भरल्या. रात्री पारा ८-९ वर येतोय. झाकायचं कसं? आणि उरलेलं बी?

वऱ्हाडीभाऊ
पिशव्या दक्षिणेच्या भिंतीले लावून ठेवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. संध्याकाळी पाचला वरून पोतं टाका, पण खाली काड्या रोवून, रोपाले टेकू देऊ नका. सकाळी ऊन आलं का काढा. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नाही.

उरलेलं बी पत्र्याच्या खोलीत ठेवलं तं मे महिन्यातच मेलं समजा. काचेच्या बाटलीत कोरड्या राखेसंगं भरा, झाकण घट्ट लावा, फ्रिजमधे खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रिज नसन तं घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, पण माठाजवळ नको, तिथं ओल असते. ऑक्टोबरात दहा बिया ओल्या फडक्यात टाकून पाहा, सात उगवल्या तं लावा.